वाटरसाहेबांची वही

नाव वाउटर. धारण तलावाच्या वॉचमनने
पहिल्याच दिवशी रजिस्टरात लिहिलं, वाटर.
माणूस पाण्याच्याच कामाचा, म्हणून कुणी खोडलं नाही.
उंची सहा फूट पाच इंच. बेलापूरच्या भाड्याच्या फ्लॅटात
पंख्याशी रोजची बोलाचाली.

काम सोपं होतं: गाळ मोजायचा.
त्यांच्याच देशाच्या पद्धतीने खोदलेला तलाव,
नकाशावर अजून निळा.
इकडे तिवरांचं रान माजलेलं,
मी मोजपट्टी धरून मांडीभर चिखलात,
आणि काठावरून साहेबांची दुर्बीण
मला सोडून सगळीकडे.

"हसुराम, हलू नको."
मला वाटलं, साप.
"मासा चालतोय," साहेब कुजबुजले,
गाभाऱ्यात बोलावं तसे.

निवटी होती.
आम्ही लहानपणी पाट्याच्या पाट्या विकल्या,
चालते हे ठाऊक होतं,
त्यात थांबण्यासारखं काय, ते नव्हतं ठाऊक.
साहेबांनी वहीचं अख्खं पान
तिच्या डोळ्यांना दिलं.
दिवाळ्याची माझी बायजाआत्या वाटेत थांबली,
चित्र न्याहाळलं, म्हणाली,
"डोलं बराबर हान. पन डोकां आमी खात नाय."
साहेबांनी खाली लिहून घेतलं:
डोकं खात नाहीत.

फ्लेमिंगोंसाठी पामबीचवर गाड्या थांबतात,
साहेब एकदाच थांबले.
"पाय माझ्यासारखेच आहेत," म्हणाले, आणि निघाले
पाइपातल्या घोरपडीला भेटायला.

एका रात्री फोन.
"ट्यूबलाइटमागे छोटी मगर आहे."
पाल आहे, म्हटलं, भाडं मागत नाही, राहू द्या.
तेवढ्यात ती चुकचुकली, फोनमधून ऐकू आली.
मी सवयीने टेबलावर बोट वाजवलं, कृष्ण कृष्ण.
मग समजावणं आलं:
बोलताना पाल चुकचुकली, तर बोललेलं खरं.
आणि मनात पाल चुकचुकली,
तर समजायचं, काहीतरी गडबड.
"पाल तीच?"
पाल तीच.
पलीकडे बराच वेळ पेन्सिलीचा आवाज.

पुढच्या बैठकीत मोठे अधिकारी म्हणाले,
मार्चअखेर सगळा गाळ निघेल.
साहेबांनी बोट टेबलावर तयार ठेवलं,
भिंतीकडे बघितलं, एसीमागे बघितलं,
मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले,
"भिंतीवरची गप्प आहे.
मनातली मात्र थांबत नाही."

त्यांच्या गावाचंही सांगायचे, डबा खाताना.
तिकडे राखी बगळा मासळीच्या गाडीपुढे
गिऱ्हाइकासारखा रांगेत उभा राहतो,
मेंढ्या बांधावर चरता चरता
खुरांनी बांध चोपून घट्ट करतात.
"पगार?" वॉचमनने विचारलं.
"गवत."
वॉचमनला तीन महिन्यांचा मिळाला नव्हता,
तो बांधाकडे बघत राहिला.

भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो,
हे मीच सांगून बसलो.
मग रोज सकाळी अर्धा तास
भारद्वाज दिसेपर्यंत काम सुरू नाही.
दिसला की साहेब टोपी काढायचे.
आणि खरं सांगतो, ज्या दिवशी दिसला नाही
त्याच दिवशी झडपेत खेकडा अडकला,
भरती आत आली,
साहेबांचा एक बूट घेऊन गेली.
बूट आठ नंबर असता तर कुणी शोधलाही असता,
तेरा नंबरचा चोरून तरी करायचं काय?
आता त्यात कोण राहतं
ते साहेब दर ओहोटीला बघून यायचे.

अहवाल आला जाड. गाळाची खोली, तक्ते,
आणि एकेचाळिसाव्या पानावर एक ओळ:
गाळ काढण्याआधी रहिवाशांना विचारावे.

ऑफिसने आसपासच्या
बारा सोसायट्यांना नोटिसा धाडल्या.
उत्तरं आली, पार्किंगबद्दल.

मी आत्याला वाचून दाखवलं.
पाटी डोक्यावर चढवत ती म्हणाली,
"इचारा की.
भरती उतरली का भेटतीन सगली."